गिअरबॉक्स उतरवण्याआधी अर्धा तास: जुन्या पिकअपचा क्लच आणि गिअर कसा तपासायचा

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये नारायणगावहून टोमॅटो भरून कल्याणला निघालो होतो. ओतूरच्या पुढे चहाला थांबलो आणि परत निघताना पहिला गिअर पडेना. दांडा ढकलला की कर्रर्र आवाज. तीन-चार वेळा क्लच पंप केला, तेव्हा कुठे पडला. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. अशा गाडीने माळशेज उतरणं बरोबर नव्हतं, म्हणून माल दुसऱ्या गाडीत टाकला आणि माझी पिकअप जवळच्या गॅरेजला लावली. "क्लच सेट गेलाय," असं सांगितलं, मी होकार दिला. गिअरबॉक्स खाली आला. नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग पडलं आणि दोन दिवस गाडी उभी राहिली. आठव्या दिवशी तोच आजार परत. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने गाडीखाली झोपून स्लेव्ह सिलिंडरचं (तेलावरच्या क्लचमध्ये गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो तो) रबरी बूट बोटाने उचललं, तर आतून ब्रेक ऑईल टपकलं, कारण अशा क्लचमध्ये तेच तेल असतं. सीलचं किट टाकलं, लाइनमध्ये शिरलेली एअर, म्हणजे हवा, काढली, पाऊण तासात गाडी रस्त्यावर आली.

पंप केल्यावर गिअर पडतो, या एका गोष्टीत सगळं निदान होतं. ते ओळखणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. तेव्हापासून मी गिअरबॉक्सला हात लावू देण्याआधी गाडी स्वतः तपासतो. लागतो तो अर्धा तास, एक मदतनीस आणि उजेडाला बॅटरी. हे सगळं बोलेरो पिकअप, टाटा २०७ अशा गाड्यांना धरून लिहितोय: इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. काहींचा क्लच केबलवर असतो, काहींचा तेलावर. दोन्हींचं सांगतो.

धरत नाही की सुटत नाही?

क्लचचे मूळ आजार दोनच. एक, क्लच धरत नाही: इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. दुसरा, क्लच सुटत नाही: पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतच राहते, म्हणून गिअर पडत नाही किंवा कुरकुरत पडतो. दोन्हीला आपण सरसकट "क्लच गेला" म्हणतो आणि चूक तिथूनच सुरू होते. धरत नसेल तर दोष बहुतेक वेळा आत, म्हणजे प्लेटमध्ये असतो. सुटत नसेल तर पुष्कळदा तो बाहेर, सिलिंडरमध्ये, पाइपमध्ये किंवा केबलमध्ये सापडतो आणि गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आतली रचना डोळ्यांसमोर असू द्या. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील, त्याला चिकटून क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट अडकलेला. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना ढकलतं, दाब सुटतो, प्लेट मोकळी होते. हे बेअरिंग फोर्क नावाचा दांडा ढकलतो. त्याला केबल ओढते, किंवा तेलाच्या क्लचमध्ये पेडलजवळचा मास्टर सिलिंडर पाइपातून तेल ढकलून स्लेव्ह सिलिंडरच्या दांड्याने रेटतो. पेडल सोडलेलं असताना इंजिन आणि इनपुट शाफ्ट एकत्र फिरतात. पेडल दाबलं की इनपुट शाफ्ट थांबायला हवा. पुढच्या जवळजवळ सगळ्या चाचण्या याच एका फरकावर उभ्या आहेत.

आधी गाडी नीट उभी करा

गाडी रिकामी हवी आणि जमीन सपाट. हँडब्रेक ओढा, पुढच्या आणि मागच्या चाकांना दगडाची उटी लावा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नका, घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. इंजिन चालू असताना गाडीखाली कुणी असू नये आणि गाडीसमोर कुणी उभं राहू नये. क्लच सुटत नसलेली गाडी कधी पुढे उडी मारेल याचा भरवसा नसतो. पत्रा उचलून पाहायचा असेल, पाइप हाताने चाचपायचा असेल, तेव्हा इंजिन बंदच ठेवा. क्लचचं तेल सरकतं की नाही हे बघायला इंजिन लागत नाही.

क्लच धरतो का, ते पाहणं

इंजिन गरम करा. हँडब्रेक ओढलेला, उट्या लावलेल्या, पाय ब्रेकवर. तिसरा गिअर टाका, थोडी रेस द्या आणि पेडल सावकाश पण न थांबता पूर्ण सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच गुदमरून बंद पडतं. पेडल सुटूनही इंजिन फिरत राहिलं, तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करा. परत परत केलं तर चांगली प्लेटही जळेल.

रस्त्यावर हेच जास्त स्पष्ट दिसतं. सौम्य चढावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढतो पण वेगाचा काटा जागचा हलत नाही, असं झालं की शंका उरत नाही. जळाल्याचा उग्र वास आला तर आणखी पुरावा. सुरुवातीला हे फक्त भरल्या गाडीत आणि वरच्या गिअरमध्ये जाणवतं, कारण तिथे प्लेटवर ताण सगळ्यात जास्त असतो. रिकाम्या गाडीत सगळं ठीक वाटतं आणि आपण महिनाभर पुढे ढकलतो. तेवढ्यात प्लेटचे रिव्हेट फ्लायव्हीलला घासायला लागतात आणि खर्च वाढतो.

तरीही गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडलचा प्ले बघा. हाताने पेडल हळू दाबा. सुरुवातीला थोडं अंतर ते सैल जायला हवं, मग वजन लागायला हवं. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की हा प्ले कमी कमी होत जातो. प्ले संपला तर पाय काढल्यावरही रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला थोडं दाबून धरतं आणि क्लच घसरतो. अशा वेळी केबल जुळवली तर गाडी काही दिवस, कधी काही महिने नीट चालते. प्ले किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. तेलावरच्या क्लचमध्ये बहुतेक ठिकाणी हे आपोआप जुळत राहतं, म्हणून पेडलकडे बघून प्लेट किती उरली हे तिथे कळत नाही.

आणखी एक जागा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या हाउसिंगच्या तळाला भोक असेल तर तिथे बोट लावा. ओलं लागलं तर वास घ्या. काळं, पातळ म्हणजे इंजिन ऑईल, क्रँकचं मागचं सील गेलंय. दाट आणि कुजक्या गंधकाच्या वासाचं म्हणजे गिअर ऑईल, इनपुट शाफ्टचं सील गेलंय. तेल लागलेली प्लेट घसरते आणि गाडी उचलताना झटकेही देते. सील न बदलता नुसती प्लेट टाकली तर नवी प्लेटही तशीच तेलकट होणार.

क्लच सुटतो का, ते पाहणं

इथे घाई करू नका. जास्तीत जास्त फसवणूक आणि गैरसमज इथेच होतात.

इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन चालू करून, पेडल पूर्ण दाबून, तेच पुन्हा करा. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर सगळेच अडतात, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि क्लच सुटत नाहीये. बंद इंजिनावरही दांडा अडतोय, तर दोष दांड्याच्या बुशात, जोडणीत किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे.

खात्रीसाठी रिव्हर्सची चाचणी. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुतेक वेळा पितळी रिंग (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी) नसते, त्यामुळे शाफ्ट फिरतोय की नाही हे रिव्हर्स लगेच सांगतो. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, न्यूट्रल, पेडल पूर्ण दाबा आणि मनात पाच आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. पाच आकड्यांत इनपुट शाफ्ट थांबायला हवा. पाच मोजूनही रिव्हर्स कुरकुरला तर क्लच सुटत नाही. पेडल दाबल्या दाबल्या टाकल्यावर थोडा कुरकुरला, तर तो दोष नाही.

आता तेलावरच्या क्लचचा माग काढा. डबा उघडा, ब्रेक ऑईल किती आहे, काळं पडलंय का बघा. पातळी खाली गेली असेल तर तेल कुठेतरी बाहेर जातंय. दोन जागा हमखास बघायच्या. पहिली कॅबिनमध्ये, पेडलच्या वर, जिथून मास्टर सिलिंडरचा दांडा आत येतो. तिथे ओल, किंवा पायाखालच्या मॅटवर तेल. दुसरी गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर, रबरी बूट उचलून. कोरडं असायला हवं.

मग पेडलचं बोलणं ऐका:

- पेडल मऊ, स्पंजासारखं, पंप केल्यावर घट्ट होतं: लाइनमध्ये एअर आहे.
- पेडल दाबून धरल्यावर आपोआप हळूहळू खाली जातं आणि बाहेर कुठे तेल दिसत नाही: मास्टर सिलिंडरचं आतलं सील तेल मागे सोडतंय.
- पेडल घट्ट आहे, तरी गिअर अडतो: पुढचं वाचा.

मदतनीसाला इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही स्लेव्ह सिलिंडरचा दांडा पाहा. तो ठामपणे, सेंटिमीटरभर तरी बाहेर यायला हवा. अचूक माप पुस्तकात पाहा. दांडा कमी सरकतोय तर दोष तेलाच्या बाजूला: सील, एअर, किंवा जुनी रबरी नळी. ही नळी जुनी झाली की दाबाखाली फुगते आणि पेडलची ताकद तिथेच मुरते. पेडल दाबलेलं असताना नळीवर हात ठेवला की फुगणं हाताला कळतं. दांडा पूर्ण सरकतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तर मात्र दोष आत आहे: फोर्क वाकलेला किंवा तडकलेला, प्रेशर प्लेटची बोटं झिजलेली, किंवा प्लेट शाफ्टवर गंजून अडकलेली. गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही, असं म्हणायची पहिली जागा ही.

केबलच्या गाडीत केबलच्या दोन्ही टोकांचे धागे बघा. दोन-तीन धागे तुटलेले दिसले तर थांबू नका, बदला. घाटात तुटली तर गाडी सांभाळणं अवघड होतं.

एअर काढायची पद्धत ब्रेकसारखीच. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. मदतनीसाने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल ढिला करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल आवळायचा, मग त्याने पेडल सोडायचं. क्रम चुकला तर एअर परत आत जाते. मधेमधे डब्यात तेल भरत राहा. तेल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑईल चुकूनही नाही, सगळे रबर फुगून निकामी होतात. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. हे तेल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून वर्षानुवर्षं न बदललेलं तेल सकाळी ठीक आणि घाट उतरून तापल्यावर कमजोर, असं वागतं. बाजारात पोहोचल्यावरच गिअर अडत असेल तर आधी तेल बदला.

पावसाळ्यात दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी वेगळी गोष्ट आहे. ओलाव्याने प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. सिलिंडर, केबल सगळं चांगलं असतं आणि तरी क्लच अजिबात सुटत नाही. समोर मोकळं रान असेल, आसपास माणूस-जनावर नसेल, तर इंजिन आधी गरम करून बंद करा, दुसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि सेल्फ मारा. गाडी चालायला लागेल. पेडल दाबलेलंच ठेवून रेस द्या-सोडा करत राहिलात की बहुतेक वेळा प्लेट झटक्याने सुटते. ब्रेक चांगले असल्याची खात्री त्याआधी करून घ्या.

आवाज: कोणत्या वेळी काय फिरतं

"गिअरबॉक्स वाजतो" एवढ्यावर कुणीही निदान करू शकत नाही. आवाज कधी येतो आणि कधी जातो, हे सांगता आलं पाहिजे. गाडी उभी, इंजिन स्लोवर, न्यूट्रल, आजूबाजूला शांतता असू द्या.

पेडल पूर्ण सोडलेलं असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर ती जाते: इनपुट शाफ्टचं किंवा खालच्या ले-शाफ्टचं बेअरिंग. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असली तरी क्लच जोडलेला असल्यामुळे हे दोन्ही शाफ्ट फिरतच असतात. पेडल दाबलं की थांबतात, आवाजही थांबतो. डिझेलच्या स्लोवर थोडी खडखड मात्र स्वाभाविक आहे, तिला घाबरू नका.

पेडलवर नुसता पाय टेकवला, वजन लागायला लागलं, की चिरचिर सुरू होते आणि पाय काढला की बंद: रिलीज बेअरिंग. ज्याला पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय आहे त्याच्या गाडीत हे आधी जातं.

पेडल पूर्ण दाबून, गिअर टाकून, गाडी उभी असतानाच बारीक शीळ येते आणि न्यूट्रलमध्ये ती तेवढी येत नाही: क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग. इनपुट शाफ्ट थांबलेला आणि क्रँक फिरणारा, असा फरक पडतो तेव्हाच त्याला काम असतं.

आता गाडी चालवून पाहा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात आवाज आणि चौथ्यात तो जवळजवळ गायब, तर ले-शाफ्टकडे संशय न्या. पाच गिअरच्या अशा बॉक्समध्ये चौथा बहुधा थेट असतो: ताकद इनपुट शाफ्टमधून सरळ मागे जाते, ले-शाफ्टवर भार येत नाही. एकाच गिअरमध्ये आवाज, तर त्याच गिअरचे दात किंवा बेअरिंग. वेग आला की न्यूट्रलमध्येही आवाज येतो आणि तो वेगाबरोबर वाढतो, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी प्रॉपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सपासून मागे ताकद नेणारा लांब दांडा) सेंटर बेअरिंग, मागच्या चाकांमधलं हाउसिंग आणि चाकांची बेअरिंग बघा.

गिअर कुरकुरतो, निसटतो, अडकतो

चालत्या गाडीत एकच गिअर, बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा, टाकताना कुरकुरतो आणि बाकीचे नीट पडतात, तर त्या गिअरची पितळी सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. क्लचला हात लावायचं काम नाही. ओळखायला सोपी खूण: वरच्या गिअरमधून खाली येताना क्लच सोडून न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या, परत क्लच दाबा आणि गिअर टाका. असा शांतपणे पडला, तर दोष रिंगचाच. या पद्धतीने गाडी बरेच दिवस चालवता येते, आणि जुन्या पिकअपला कधी कधी तेच शहाणपणाचं असतं.

गिअर निसटणं मी फार गंभीर मानतो. दांडा न्यूट्रलवर उडतो. चढावर निसटला तर गाडी थांबते. माळशेजच्या उतारावर भरल्या गाडीत निसटला तर इंजिनाची अडवणूक एका क्षणात संपते आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. असं एकदा जरी झालं तरी तपासल्याशिवाय घाटात माल नेऊ नका.

तपासताना आधी स्वस्त कारण. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, उट्या लावून, मदतनीसाला पहिल्या आणि मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी थोडा सोडून लगेच दाबायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन बघा. ते एका बाजूला जोरात उचललं तर माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरणारी रबरं, फाटलेली आहेत. इंजिन-गिअरबॉक्स एवढा हलला की दांडा कॅबिनच्या पत्र्याला लागून गिअर बाहेर येऊ शकतो. माउंटिंग ठीक असतील तर दांड्याच्या तळचं बुश, मग बॉक्सच्या वरच्या भागातले गोळी आणि स्प्रिंग, जे गिअरला जागेवर धरतात. हे बऱ्याच बॉक्समध्ये वरचं झाकण काढून किंवा बाजूचा बोल्ट काढून बदलता येतात. ते करूनही निसटतो, तर आतले दात गोलावलेत, सिलेक्टर फोर्क झिजलाय किंवा बेअरिंगला लांबीत ढिलाई आलीय. तेव्हा बॉक्स उघडावाच लागतो.

दांडा न्यूट्रलमध्ये आहे, तरी क्लच सोडला की इंजिन बंद पडतं: दोन गिअर एकदम लागलेत. गाडी ढकलू नका, ओढूही नका, दात तुटतात. प्रॉपेलर शाफ्ट सोडवल्यावरच ओढायला द्या.

गिअर ऑईल बघितल्याशिवाय निर्णय नको

ऑईल काढताना आधी वरचा भरण्याचा बोल्ट उघडा, मगच खालचा. वरचा गंजून उघडलाच नाही आणि खालचा आधीच सोडलात, तर रिकाम्या बॉक्ससकट गाडी तिथेच अडकते. बोल्टच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा थर असणं चालतं. ऑईलमध्ये सोनेरी चमक म्हणजे पितळी रिंग झिजताहेत. नखाला लागतील असे लोखंडाचे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग तुटतंय, गाडी चालवू नका. दुधाळ ऑईल म्हणजे पाणी शिरलंय. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर बॉक्सच्या हवेच्या श्वासनळीतून ते आत जातं.

नवं ऑईल पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच टाका. पुष्कळ जुन्या बॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं आणि दुकानात जीएल-५ हातात दिलं जातं. ते मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियन दातांना चांगलं, पण त्यातली काही ऑईल पितळेला खातात आणि जास्त घसरटपणामुळे रिंग नीट पकडत नाही. पातळी सपाट जमिनीवर, वरच्या भोकापर्यंत. नुसतं योग्य ऑईल योग्य पातळीला आल्यावर कडक गिअर मऊ झालेले मी पाहिलेत.

गाडी उचलताना धक्का

क्लच सोडताना एकच खण्ण असा आवाज आला तर इंजिन बंद करून, उट्या लावून, न्यूट्रलमध्ये प्रॉपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर हाताला लागते. थरथर होत, झटके देत गाडी निघत असेल, तर माउंटिंग, प्लेटवरचं तेल किंवा तापून निळे डाग पडलेलं फ्लायव्हील.

उतरवायचंच ठरलं तर

समोर उभे राहा आणि जुनी प्लेट हातात घ्या. सगळीकडे सारखी झिजलेली असेल तर तिचं आयुष्य संपलं, एवढंच. एका बाजूला तेलकट असेल तर सील. मधले स्प्रिंग ढिले असतील तर झटक्यांचं कारण तेच. काळी पडून तडकली असेल तर कुणीतरी चढावर हाफ क्लचवर गाडी उभी ठेवत होतं, तिथे हँडब्रेक वापरायचा असतो. आतली धूळ हवेने उडवू देऊ नका, जुन्या प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

बॉक्स एकदा खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदला, दोन्ही सीलं बघा, फोर्कची टेकण्याची जागा बघा. मजुरी एकदाच लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून, घ्या. बॉक्स चढवताना तो प्लेटवर लोंबकळू द्यायचा नाही, खाली जॅक हवा, नाहीतर नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते.

गाडी हातात आल्यावर तिथेच रिव्हर्सची चाचणी पुन्हा करा, पेडलचा प्ले बघा, खाली ठिबकतंय का बघा. मग तारीख आणि किलोमीटर कॅबिनच्या दाराच्या आत मार्करने लिहून ठेवा. पहिले काही शे किलोमीटर भरल्या गाडीने घाट टाळता आला तर टाळा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलवर नीट बसते.